रिकामा वाडगा जिवंत झाला

"फसफसली! फसफसली!"

गोदामाच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर पांढरा वाडगा, वाडग्यात चिमूटभर माती, तिच्यावर मातीबाबाने ओतलेलं 'चैतन्यजल'. फेस काठावरून ओघळला आणि गर्दीने आ वासला तो वासलाच.

"मातीत प्राण, प्राणात कंपन, कंपनात नांगर!" बाबा गरजला. "तीनदा खोल नांगरलेली जमीन ही. आता ही न नांगरलेली."

दुसरा वाडगा. तेच पाणी. ढिम्म.

"मेली बिचारी," बाबा हळहळला.

ती बिचारी मास्तरिणीच्या पट्ट्यातली होती.

मास्तरीण म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी. शेत तिचा थोरला भाऊ बघायचा. कालव्याकडचा एक पट्टा मात्र तिने चार वर्षं भांडून आपल्या पद्धतीने ठेवला होता. नांगर नाही. मक्याची धसकटं तशीच, त्यातच गव्हाची पेरणी, गव्हानंतर वाटाणा. ढेकूळ फोडलं की आत बुरशीचे पांढरे तंतू दिसत. भावाकडे गव्हामागून गहू, नांगरामागून नांगर.

"ऐकलंस? मेली म्हणे," दादा म्हणाला.

"अरे, ह्या बाबाचा मेहुणा नांगराचा ट्रॅक्टर भाड्याने देतो!"

"मेहुणे सगळ्यांनाच असतात."

"दादा, माझा पट्टा तेवढा नांगरू नकोस. हात जोडते."

दादाने नजर चुकवली.

ती चडफडत पुढे घुसली. पोरांना समजावता येतं. सख्ख्या भावाला कसं समजावायचं? बाबा एकेकाच्या मातीवर तोच खेळ करत होता, आणि मग तिला दिसलं. वाडग्यांच्या दोन चळती होत्या. नांगरलेल्या मातीला वाडगा उजवीकडून. न नांगरलेल्या मातीला डावीकडून. प्रत्येक वेळी!

तिने उजवीकडचा वाडगा उचलला. बाबा हां हां म्हणेपर्यंत त्यात चैतन्यजल ओतलं. माती न घालता.

फस्स्स्!

"बाबा, हा तर रिकामाच जिवंत झाला!"

बाबा बिलंदर. डोळे मिटून म्हणाला, "चिनीमातीसुद्धा मातीच ना, बाळ?"

आणि माना डोलल्या! खरंच डोलल्या. तिला वाटलं, इथेच कपाळ बडवून घ्यावं.

तिने तोच वाडगा नळाखाली खसखसून धुतला. पुन्हा पाणी ओतलं. ढिम्म.

"आंघोळ घातली तर मेला का हो?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरलं.

"वाडग्याला आतून खाण्याचा सोडा फासून वाळवलाय," ती म्हणाली. "पाण्यात लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. दोन्ही भेटले की फेस. ह्यात मातीचा काय संबंध?"

बाबा चळती गोळा करू लागला. लोक त्याच्याभोवती जमले, या वेळी हात न जोडता. मास्तरीण विजयाने वळली.

दादाचा चेहरा पडला होता.

"ट्रॅक्टर मघाशीच पाठवला मी."

दोघं धावत गेले. पट्टा उलथापालथा झाला होता. धसकटं गाडली गेली होती, ढेकळांतले तंतू तुटून लोंबत होते. ट्रॅक्टरवाला पाणी पीत बसला होता.

"मला वाटलं, मोकळी हवा मिळेल मातीला," दादा पुटपुटला.

"मिळते ना! जिवाणू एकदम चेकाळतात, मातीत साठलेलं सगळं अन्न खाऊन टाकतात, मग उपाशी मरतात. आणि मातीचे कण बांधून धरायचे ते हे तंतू. बघ."

"परत येतील?"

"येतील. नांगर लांब ठेवलास, पिकं बदलत राहिलास तर. काही वर्षांनी."

"काही वर्षं?"

"मग काय, फसफसून येतील?" ती ओरडली आणि बांधावर मटकन बसली.

बाबा त्याच संध्याकाळी पसार झाला. पट्टा तसाच उघडा पडला आहे.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा. पण म्हणा, भांडं आम्ही धुतो, माती आम्ही आणतो, आता पुन्हा करून दाखवा. आणि कृपा करून, हे ट्रॅक्टर पाठवायच्या आधी म्हणा.