केसाएवढी फट

“चतुरा, कांडी धुतल्यावर उजेडात धरून बघत जा. केसाएवढी फट दिसली की ती कामातून गेली. मग फोडूनच टाकायची. तशीच टाकलीस, तर कोणीतरी उचलून वापरेल.”

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचा हा आवाज. ऐकून बारा वर्षं झाली होती. पण त्या उन्हाळ्याच्या सकाळी, अकोटकडच्या आपल्या गावात, निंबाखालच्या गर्दीत उभ्या चतुराबाईला तो इतका जवळून ऐकू आला की तिनं मागं वळून पाहिलं. मागं बाई नव्हत्या. नुसती रांग होती, पार नदीपर्यंत गेलेली, आणि रांगेतल्या प्रत्येक डोळ्यात एकच भेव होतं.

गावात मरी शिरली होती. सरकारी माणसं तिला कॉलरा म्हणत. विहिरींचं पाणी खारट, म्हणून पिणं नदीच्या डोहाचं. आणि उन्हाळ्यात डोह म्हणजे नुसता गढूळ काढा. पंधरा दिवसांत सात तिरड्या उठल्या होत्या. कोणाच्या घरातून ओकारीचा आवाज आला की शेजारीण लेकरं उचलून दुसऱ्या आळीला पळायची.

आठवड्यापूर्वी शालिकराम महाराज आले. निंबाच्या पारावर त्यांनी पितळेची दोन भांडी एकावर एक मांडली. वरच्या भांड्यात पिंडी: दुधासारखी पांढरी, गुळगुळीत, वर शेंदराची बोटं ओढलेली.

“पाहा रे, डोळे फाडून पाहा!” महाराजांचा आवाज बाजारातल्या मलमवाल्यासारखा चढायचा. “वरतून डोहाचा चिखल, खालतून काशीची गंगा! मंधात कोन? भोलेनाथ! ज्यानं समुद्राचं इख पचवलं, त्याले तुमच्या डोहाचं इख किती? एक घोट!”

खालची तोटी फिरायची, काचेच्या पेल्यात निवळ पाणी उतरायचं आणि रांग गहिवरून ‘हर हर’ म्हणायची.

“आन् त्या लशीवाल्याची लाल दवा डोहात पडली, तर देव उठून जाईन! आधीच काही घरांनी देव सोडले, म्हनून तर मरी आली.”

काही घरं म्हणजे कोणती, हे बोट दाखवून सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन ज्या वस्तीनं धम्म घेतला, ती चतुराबाईची वस्ती. दोन दिवसांपासून तिथल्या बायांना दुकानात मीठ मिळेना. काल कोणीतरी एका कुडावर जळकं कोलीत फेकलं.

म्हणूनच चतुराबाईची लेक ललिता आज आपल्या सात वर्षांच्या मैनाचा हात धरून रांगेत उभी होती.

“आपन तीर्थ घेतलं तर गाव गप बसंन, माय,” ती सकाळी म्हणाली होती. “नाई तर जाळतीन आपल्याले.”

मैनाच्या पुढं आता चारच माणसं उरली होती. तेवढ्यात महाराजांनी दर्शनासाठी पिंडी भांड्यातून सोडवून दोन्ही हातांत उचलली. खालचं पितळेचं कडं उन्हात चमकलं. कड्याला एका बाजूला चेप आलेली होती, अंगठ्याएवढी.

चतुराबाई दोन पावलं पुढं सरकली.

ती चेप तिच्या ओळखीची होती. अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडं कामाला असताना, बंगल्याच्या मागच्या अंगणात, दर रविवारी, ती पाणी गाळायच्या फिल्टरची ही कांडी नारळाच्या काथ्यानं घासायची. घासता घासता ओठांवर आपोआप ओवी यायची:

*घास माह्या हाता, घास गं कांडीले,*
*गाळ राहो वर, गोड पानी हांडीले.*

आता तिला ओरडायचं होतं. पण कोण बोललं म्हणून शंभर माना वळल्या असत्या. देवाला कांडी म्हणणारी कोण? जिनं देव सोडले ती. आज कोलीत कुडावर थांबलं नसतं. तिनं पदर तोंडात कोंबला.

महाराजांनी पिंडी परत बसवली, चारही माणसं सरकली. मग महाराजांनी लांबूनच पळी उचलली. ललितानं मैनाची हनुवटी वर केली. पोरीनं पाखरासारखी चोच उघडली.

“पाजू नको!”

तो आवाज आपलाच आहे, हे चतुराबाईला जरा वेळानं कळलं. तिच्या हाताचा धक्का लागला आणि महाराजांच्या हातातली पळी मातीत पडली.

“देव नाई हा. फिल्टरची कांडी हाये. आन् तडकली हाये.”

रांग फुटली. “मारा तिले!” कोणीतरी ओरडलं. महाराज ताडकन उभे राहिले. “पाह्यलं? देव बाटवाले आली! अशाच बायांपायी गाव मरून राह्यलं!”

“थांबा,” कोणीतरी हळू म्हणालं.

पोलीस पाटील महादेवराव. गेले चार दिवस त्यांनी फेटा बांधला नव्हता. त्यांचा एकुलता एक देवमन चार दिवसांपूर्वी गेला होता.

“माह्या देवमननं पयल्या दिवशी पयलं तीर्थ घेतलं,” ते म्हणाले. “मी सोता पाजलं. बोल बाई. तडकली म्हन्तं, तर दाखव.”

“पाटील, देवाची परीक्षा घेता काय?” महाराज म्हणाले.

“पोरगं देऊन बसलो, महाराज. आता घेतो.”

गर्दीच्या कडेला लस टोचणारे मुनव्वरभाई उभे होते, आठ दिवस गावाच्या शिव्या खाऊनही न गेलेले. त्यांच्या बादलीत जंतू मारणाऱ्या लाल दवेचं पाणी होतं, फिकट गुलाबी. बादली त्यांनी चतुराबाईपुढं आणून ठेवली. “डरो मत, आपा. मी हावो.”

चतुराबाईनं पिंडी हातात घेतली. भांड्याच्या बुडाशी ती आवळून धरणारी चाकी तिनं न बघता फिरवली. बोटांना अजून आठवण होती. शेंदूर पदरानं पुसला, कड्याखालच्या नळीचं टोक गुलाबी पाण्यात खळबळलं, मग पिंडी उलटी करून बुडवली. फक्त नळी वर ठेवली, तिला ओठ लावले आणि फुंकलं.

एका बाजूनं बुडबुडे निघाले. एकामागं एक, बारीक, सरळ रेघेत, धाग्यात मणी ओवल्यासारखे.

“देवाचा श्वास! श्वास!” महाराज किंचाळले.

“देव एकाच बाजूनं श्वास घेते काय हो, महाराज?” मुनव्वरभाईंनी विचारलं. गर्दीत एक बाई फसकन हसली आणि लगेच रडायला लागली.

“साबूत कांडी असती,” चतुराबाई धापा टाकत म्हणाली, “तर जीव जाऊस्तोर फुंकलं असतं, तरी एक बुडबुडा नसता निंगाला.”

मुनव्वरभाई पारावर चढले. “ऐका. ही भाजलेल्या मातीची चीज हाये. हिच्यात डोळ्याले न दिसनारी लाखो भोकं असतात. तुमची पिठाची चाळनी असते न, तशी. फक्त लई बारीक. पानी जाते, गाळ अडते, मरीचे किडेही बहुतेक अडतात. पन तडकली की त्या फटीतून किडे सरळ खाली. पानी दिसते काचेसारखं, आन् असते जहर. हा बुवा कांडी घासत नाई, वरून शेंदूर थापते. मानसानं बनवलेली चीज मानसानंच तपासाची असते. जी चीज घासाले, तपासाले भेव वाटते, तिच्यावर लेकराचा जीव सोडू नका. देव माना नाई तर नका मानू, पन पानी उकळून प्या. डोहात दवा टाकू द्या. आन् कोनी चमत्कार दाखवला तर इचारा: कसा? उलटा करून दाखव.”

महाराज मागच्या मागं सरकत होते. दोघांनी त्यांना धोतराच्या कासोट्याला धरून बसवलं. मुनव्वरभाई बादली घेऊन डोहाकडं निघाले आणि या वेळी त्यांना कोणी अडवलं नाही. चार बाया तर घरी चुली पेटवायला पळाल्या.

महादेवराव मात्र तिथंच उभे होते. चतुराबाईच्या हातातल्या कांडीकडं बघत.

“तुले हे सारं कसं ठाऊक, बाई?”

बंगल्यात काम केलं होतं, एवढं सांगून ती सुटली असती. ललितानं तिचा दंडही दाबला. मैना आजीच्या लुगड्याला बिलगून उभी होती, कोरड्या ओठांची, जिवंत. चतुराबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“पाटील, हे चेप पाहा. ही माह्याच हातून पडून तडकली होती, अकोल्याले. बाईनं फोडून टाक म्हनलं. दुधावानी पांढरी होती, फोडाले जीव नाई झाला. घरी आनली, वरीस-दोन वरीस कोनाड्यात ठेवली, मंग अकोटच्या बाजारात भंगारवाल्याले देऊन टाकली. त्याच्या हातून कोनाकोनाकडं गेली, मले मालूम नाई. पयल्या दिवशी लांबून पाह्यली, तवाच वाटलं होतं कांडी हाये म्हनून. भेवानं आठ दिवस तोंड उघडलं नाई.”

तिनं पाटलांकडं पाहिलं.

“मी बोलली असती, तर तुमचा देवमन आज असता.”