तिसरी पुडी

"बरणी सांभाळ गं, मुरवलेल्या सोयाची आहे. माणूस बुडालं तरी चालेल, ती नको बुडायला!"

यांग आजी धक्क्यावरून ओरडली आणि तिची सून इनसिल ती मातीची बरणी पोटाशी धरून फेरीबोटीत उतरली. म्हातारीच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या बियांगदो बेटाला ठाऊक होतं. तरी 'बुडालं' हा शब्द निघून गेला. मग दोघींनीही तो कानावर आलाच नाही असं दाखवलं. बारा वर्षं ह्या सासूसुनांचं असंच चाललं होतं.

बू कप्तानाने बरणी हातातून घेतली आणि गोधड्यांच्या बोचक्याला टेकवली.

"काय आजी, देव घरी नाहीत हे बघून पळ काढलात होय?"

"नसतानाच निघावं रे बाबा. असले की विचारत बसतात, कुठे निघालीस, का निघालीस."

जानेवारी सरता सरता आठवडाभर सगळे देव वर गेलेले असतात. जुन्यांची मुदत संपलेली, नव्यांची नेमणूक व्हायची असते. तेवढ्यात चूल हलवा, भिंत पाडा, घर बदला, कोणी कोपत नाही. म्हणून जेजूत, कोरियाच्या ह्या बेटांवर, जो तो त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवतो. यांग आजीला शेजारणी दर वर्षी विचारत, "यंदा तरी जाणार का मोठ्या बेटावर?" आणि ती म्हणे, "पुढच्या साली बघू." यंदा कोणी विचारायच्या आतच तिने गोधड्या बांधायला काढल्या. गुडघे गेले, दम पुरत नाही, एवढंच कारण सांगितलं. बेट सोडलं की इथल्या समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढायचा हक्कही जातो. पोरवयापासूनच्या त्या हक्कावर म्हातारीने मुकाट पाणी सोडलं.

बोट सुटली. गावातल्या बायका कामाला उतरल्या होत्या. पाण्यावर डोकं काढून त्या श्वास सोडत, त्याच्या शिट्ट्या वाऱ्यावर ऐकू येत होत्या. ज्वालामुखीच्या ठेंगण्या डोंगराखाली, काळ्या दगडांच्या कुंपणांमध्ये घरं होती आणि त्यातलं एक आता बंद होतं. कुलूप घालून म्हातारी मागे वळूनही न पाहता निघाली, ते इनसिलला फार लागलं होतं. लेकाची वाट पाहणारी आई घराला कुलूप घालतेच कशी?

इनसिलच्या नवऱ्याची, तेगिलची होडी बारा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात परत आली नाही. फळ्या सापडल्या, तो सापडला नाही. वसंतात सागरराजाची पूजा होते, तेव्हा बायका पांढऱ्या कागदात तांदूळ बांधून पुड्या पाण्यात सोडतात. एक सागरराजाची, एक स्वतःच्या जिवाची, आणि घरातलं कोणी समुद्रात गेलं असेल तर तिसरी त्याची. यांग आजी दर वर्षी दोनच पुड्या नेई. गावाने समजायचं ते समजून घेतलं, इनसिलनेही घेतलं. ती स्वतः पहिल्याच वर्षी समजून चुकली होती की तो यायचा नाही. पण म्हातारी देव पाण्यात घालून बसली आहे, तिला चटका कशाला द्या? म्हणून रोज संध्याकाळी ती तेगिलच्या वाडग्यात भात वाढे, वर झाकण ठेवी आणि खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर गोधडीखाली सरकवी. घरचं माणूस उशिरा यायचं असलं की ठेवतात तसा. सकाळी तोच भात पाण्यात कालवून आपण खाई.

समोरच्या हालिम बंदरातल्या जाळीवाल्या मुनने तिला एकदा लग्नाचं विचारलं होतं. त्याची बायको वारलेली होती. बोलायला बेताचा, पण तिचा शब्द खाली पडू देत नसे. तो तिला आवडला होता, खोटं कशाला बोला?

"सासू वाट बघतेय," ती म्हणाली होती. "ती बघतेय तोवर मी बायकोच."

मुन पुष्कळ थांबला. मग दूर बुसान शहरात गेला, तिथे संसार थाटला, मुलगी झाली म्हणे. हे कानावर आलं त्या दिवशी इनसिलच्या हातून भात करपला. एरवी शितावरून भांडणारी म्हातारी चकार शब्द बोलली नाही.

बोट निम्म्यावर आली. आजीने कोटाच्या खिशातून दोऱ्याने बांधलेल्या पांढऱ्या पुड्या काढल्या. त्या तीन होत्या.

इनसिलने त्या पुन्हा मोजल्या.

"आई, तीन कशा?"

"ही सागरराजाची. ही माझी. एवढी वर्षं पोसलं मला, निरोप नको घ्यायला?" तिने दोन्ही पाण्यात सोडल्या आणि तिसरी सुनेच्या हातात दिली. "ही तेगिलची. तू टाक. एकदा बायकोच्या हातची पोचू दे त्याला."

"पण तुम्ही तर कधी…"

"टाकते की. पहिल्या वर्षापासून टाकते. पूजा उरकून तुम्ही सगळ्या जेवायला बसलात की मागच्या खडकावर जायची, चोरासारखी. फळ्या पाहिल्या तेव्हाच कळलं होतं गं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने बोलू? तू रोज त्याचा वाडगा भरून ठेवायचीस. म्हटलं, पोर त्या आशेवर जगतेय, आपण का मोडावी? सुटेल आपोआप, मग बघू. पण तू कसली सोडतेस, चिवट मेली!" म्हातारीने नाक ओढलं. "आता माझं काय, पिकलं पान. मी गेल्यावर त्या घरात एकटीच भात झाकत बसशील, ह्या विचाराने घास उतरेना. म्हणून घातलं कुलूप. रागावलीस?"

वाडगा तुमच्यासाठी होता, आई. हे एवढं वाक्य इनसिलच्या अगदी ओठांवर आलं. तिने म्हातारीकडे पाहिलं. खाऱ्या वाऱ्याने रापलेल्या त्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान होतं. लेक राखता आला नाही, पण सून राखली. हे एक वाक्य बोललं असतं तर ते समाधान तर गेलंच असतं, वर सुनेची बारा वर्षं म्हातारीच्या माथी बसली असती. मुनचं तर तिला ठाऊकही नव्हतं.

"नाही रागावले."

"खरंच एवढी आशा होती गं तुला?"

"होती," इनसिल म्हणाली. "फार होती, आई."

"वेडी माझी."

इनसिलने कठड्यावरून वाकून पुडी सोडली. कागद थोडा तरंगला, भिजला आणि खाली गेला. मग मात्र तिचा बांध फुटला, काही केल्या रडू आवरेना. नवऱ्यासाठी रडतेय असं समजून म्हातारी तिची पाठ थोपटत राहिली. इनसिलने तिला तसं समजू दिलं.