बादलीखालची धून

दोन वाजायच्या आत चिगुसाला मालिकेच्या श्रेयनामावलीसाठी नाव द्यायचं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही, स्वतःचंच, पण तेच तिला जमत नव्हतं.

झालं काय, ॲनिमेशनची मालिका होती "वाफेपलीकडे बघू नका, गिऱ्हाईक!". गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात कामाला लागलेला एक कॉलेजवाला, आणि तो दर भागात काही ना काही करून बायकांच्या बाजूला जाऊन पडतो. बस, एवढीच गोष्ट. टीव्हीच्या प्रतीत जिथे तिथे दाट पांढरी वाफ, आणि विकायच्या डिस्कवर वाफ गायब, म्हणून तर लोक डिस्क घेतात. एक माणूस दिवसभर फक्त वाफ रंगवत बसायचा आणि त्याला सगळे मानाने "वाफसाहेब" म्हणायचे.

आणि या सगळ्याचं संगीत चिगुसा मुनेकाताचं. वय सव्वीस, पहिलीच मालिका. तिची आई तोयामात लहान मुलांना पियानो शिकवते, आणि मुलगी टीव्हीला संगीत देते हे तिनं प्रत्येक पोराच्या आईला सांगून ठेवलेलं. मालिका कसली, ते मात्र चिगुसानं आईला सांगितलंच नव्हतं. अशा मालिकांमध्ये बरेच जण टोपणनाव लावतात, त्यात कुणाला काही वाटत नाही, म्हणून तिनंही एक टोपणनाव काढून ठेवलेलं. कागदावर लिहून द्यायचं, की झालं.

सकाळी अकराला सुगिनामी भागातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत सगळे जमले. चित्रं, आवाज, संगीत सगळं एकत्र बसवायचा दिवस. आता या धंद्याची रीत अशी, की धुना वर्षभर आधीच मागवतात, चित्राची एक रेघही नसताना. नुसती यादी येते, एम म्हणजे म्युझिक आणि पुढे आकडा. एम आठ : घाबरगुंडी, तुतारी. एम सत्तावीस : निरोप, व्हायोलिन. कुठली धून कुठे लावायची ते ध्वनी दिग्दर्शक ठरवणार. सत्तावीसवर चिगुसानं तीन आठवडे घातले होते. तिला वाटलेलं, शेवटी न्हाणीघर बंद पडेल, म्हातारी मालकीण दिवा मालवेल, तेव्हा वाजेल.

वाजली पहिल्याच भागात. नायक बायकांच्या हौदात डोक्यावर पिवळी बादली पालथी घालून लपलाय, सहा बायका आत येतात, आणि ती बादली पाण्यावरून इंचाइंचानं दाराकडे सरकतेय. त्यावर सत्तावीस.

चिगुसाचे कान तापले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुरेमात्सु-सान, ती निरोपाची धून आहे," ती म्हणाली.

कुरेमात्सु म्हणजे ध्वनी दिग्दर्शक, साठीचा, मान न वळवता बोलणारा. "हो. बादली निरोपच घेतेय की."

"माझी चेष्टा करताय तुम्ही."

"नाही गं. तुझी करायची असती तर आठ लावली असती."

"मग आठच लावा. नाहीतर सत्तावीस ठेवा आणि माझं नाव काढून टाका."

दिग्दर्शिका इझावा-सान ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खात होती, ती खायची थांबली. कुरेमात्सु मात्र चिडला नाही. "लाव रे आठ," त्यानं यंत्रावरच्या माणसाला सांगितलं.

आठ लागली. प्यां-प्यां तुतारी. बादली सरकली, सगळे हसले, बादली एका बाईच्या पाठीवर आपटली, पुन्हा हसले, संपलं. चिगुसाही हसली, पण तिचं लक्ष पार वाफेतल्या अंगांकडे गेलेलं, बादलीकडे नव्हतंच.

"आता पुन्हा सत्तावीस," कुरेमात्सु म्हणाला.

या वेळी ती बादलीकडेच बघत बसली. आणि काय सांगायचं, तिचा श्वासच अडकला! तो मूर्ख पोरगा सुटावा, दाराशी पोचावा, एवढंच तिला वाटायला लागलं.

"तुतारी आधीच हसून मोकळी होते," कुरेमात्सु म्हणाला. "मग बघणाऱ्यानं करायचं काय? तुझ्या धुनेला पत्ताच नाही की इथे विनोद चाललाय. ती मनापासून वाजते. म्हणून तो पोरगा माणूस वाटतो."

"नाहीतर नुसती बादली," इझावा-सान तोंडात भात ठेवूनच म्हणाली. "आणि मी आठ महिने नुसती बादली काढत नव्हते, बाई."

चिगुसानं खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "पण आपटल्यावर व्हायोलिन वाजत राहतं, ते चूक आहे. आपटायच्या अर्ध्या क्षणाआधी तोडा. एकदम. पाण्याचा थेंब ऐकू येऊ दे, मग ती बाई वळू दे."

तोडलं. थेंब पडला. बाई वळली. आणि यंत्रावरचा माणूस, ज्यानं तोच प्रसंग चौथ्यांदा बघितला होता, तो खुर्चीत वाकून हसायला लागला.

पावणेदोनला सोमेया आला, निर्मितीची कागदपत्रं सांभाळणारा, कायम घाईत. "मुनेकाता-सान, नाव. तुम्ही टोपणनाव म्हणाला होतात ना?"

"नको. आहे तेच टाका."

"नक्की? एकदा गेलं की बारा भाग तेच."

"बाराही भागांत मीच आहे," ती म्हणाली, आणि सही करून टाकली.

मग जिना चढून रस्त्यावर आली, कारण तळघरात रेंज नव्हती. तिनं आईला फोन लावला, आईनं तिसऱ्या रिंगला उचलला.

"आई, मालिका न्हाणीघराची आहे. नागडी माणसं आहेत. बऱ्यापैकी नागडी. आणि नाव माझं येणारे, पूर्ण."

पलीकडे कुणीतरी पोर स्वर चुकत होतं. आईनं त्याला "पुन्हा पहिल्यापासून" म्हटलं आणि मग इकडे वळली. "मी इथे सगळ्या आयांना सांगून बसलेय, चिगुसा."

"माहितीये."

"किती वाजता लागते?"

"रात्री दीडला."

"दीडला?" आई थोडी थांबली. "मग मी त्यांना सांगते, आधी मी बघते, मग तुम्ही ठरवा. संगीत तरी धड आहे ना?"

"बादलीवर व्हायोलिन आहे."

"बादलीवर," आई म्हणाली. ती हसली की तिनं सुस्कारा टाकला, ते चिगुसाला कळलं नाही. "बरं. ते पोर पुन्हा चुकतंय. ठेवते."

चिगुसानं फोन खिशात टाकला आणि जिना उतरली. दुसऱ्या भागात हौदात मगर होती, आणि तिच्यासाठी धून अजून ठरायची होती.