कंसाच्या आत

कंस — खडूने काढलेला, डावा, पोट जरा जास्तच सुटलेला... इशबेलने तो सहज काढला, एका हातात चहाचा कप धरून, आणि ऊनाला वाटलं, फळाच पुसून टाकावा.

पलीकडच्या सभागृहात खुर्च्या सरकत होत्या. ग्लासगो विद्यापीठाच्या या संगणकशास्त्र विभागात बाबांनी आयुष्य काढलं. थोड्याच वेळात त्यांच्या शोकसभेत तिला बोलायचं होतं — हातचं राखून त्यांनी मला काही शिकवलं नाही, असं. तेच ती बाबांच्या या जुन्या सहकारी मैत्रिणीला सांगत होती. एका हिवाळ्यात त्यांच्याकडून हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतानाची आठवण: कुठलीही यादी उलटी करणारं फंक्शन, यादी आकड्यांची असो की अक्षरांची, ते दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिलं आणि त्याने आत दोन्ही याद्यांवर वापरलं, तर प्रोग्राम तपासणारा कंपायलर अडून बसला. बाबा म्हणाले होते, दुसऱ्याच्या हाती गेलं की ते एकाच प्रकाराचं होऊन बसतं, आकड्यांचं नाहीतर अक्षरांचं. नियमच आहे.

इशबेल हसली होती. "तुझा बाबा असं म्हणाला? रुआरी? अगं पोरी, त्याच हिवाळ्यात इथं बसून, आमचा चहा गार करत, हेच तर शिकवत होता तो. आत येणाऱ्या फंक्शनचा प्रकार कंसात लिहायचा, आणि 'कुठल्याही प्रकारासाठी' हे त्या कंसाच्या आत. कंपायलर आपणहून ओळखत नाही, आपण लिहून द्यावं लागतं, एवढंच."

मीही लिहिलं होतं ते, ऊनाला आठवलं. पण ओळीच्या अगदी सुरुवातीला, कंसाबाहेर — म्हणजे प्रकार ठरवणार बाहेरचा, आतल्याला मोकळीक नाहीच... बाबा माझ्या खांद्यावरून वाकून संगणकाच्या पडद्याकडे बघत होते, स्वेटरला ओल्या लोकरीचा वास. त्यांना दिसलं होतं. एका कंसाचं अंतर. आणि ते नियम आहे म्हणाले, आणि मी हळूहळू, हे आपलं काम नव्हे असं ठरवून कायद्याकडे वळले, आणि त्यांनी किती मायेने माझं सामान गाडीत भरलं...

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल," इशबेल आता हसत नव्हती. "सांगितलं तर ती इथंच, या विभागातच अडकून राहील म्हणाला. जशी मी राहिले."

म्हणजे ठरवलं त्यांनी. माझ्या वतीने, मला न विचारता.

ते गेल्यापासून सगळे त्यांच्याविषयी हळू आवाजात बोलत होते, तीसुद्धा. आता तिच्या तोंडात वेगळाच आवाज तयार झाला होता, स्वयंपाकघरातल्या भांडणांतला, चढा — का, बाबा? — आणि त्यांनी नेहमीसारखं आधी चष्मा पुसावा, मग उत्तर द्यावं, म्हणून ती थांबली. खरंच थांबून राहिली.