शेवटी जेवणाऱ्या कुसाबाईचं खापर

मी एक जुनं खापर आहे. मातीचं, धुरानं काळं पडलेलं, उपड्या घातलेल्या मडक्यासारखं. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलं नसेल. तव्यावर पोळी होते, माझ्यावर मांडा होतो. मांडा ही पुरणाचीच पोळी, पण ती पोळपाटावर मावत नाही. आधी पुरीएवढी लाटायची, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायची. मनगट गेलं, कोपर आलं, की अलगद माझ्या पाठीवर टाकायची. चांगल्या करणारणीचा मांडा इतका पातळ होतो, की त्याच्या आडून पलीकडचा दिवा दिसावा.

खापर ‘ते’ असतं, असं शाळेत शिकवत असतील. मी शाळेत गेले नाही. चाळीस वर्षं बायकांत काढली, म्हणून मी आले-गेले म्हणते. कुणाला खटकत असेल तर खटको.

मला देवळ्याच्या कुंभारानं घडवलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आधीच्या बाजाराला त्यानं आम्हा आठ-नऊ खापरांना रांगेत मांडलं होतं. तिथं कुसाबाई आली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. पुढं सासू, मागं ही. सासूनं समोरचं खापर उचललं, तर हिनं ते खाली ठेवायला लावलं आणि एकेकाला टिचकी मारून, कान लावून ऐकत बसली.

कुंभार म्हणाला, “बाई, खापर घेती का नवरा पारखती?”

“नवरा न पारखता घेतला, म्हून तर खापर पारखती,” कुसाबाई म्हणाली.

सासूनं तोंडाला पदर लावला. मी त्या दिवशी त्या घरात गेले ती कायमची.

ते दिवस काय सांगू. आखाजी आली की लेकी माहेरी येत. अंगणातल्या निंबाला झोके टांगले जात. गव्हाची कणीक वस्त्रगाळ करून भिजवलेली असे, पुरण शिजत असे, आंब्यांच्या रसानं घंगाळ भरलेलं असे. मला तीन दगडांच्या चुलीवर उपडं घालत. आधी मंद जाळ, मग जरा मोठा. एकदम जाळ केला तर मला तडा जातो, आणि हे कुसाबाईला कुणी शिकवावं लागलं नाही. तिचे हात कोपरापर्यंत कणकेत, कपाळावर घाम, तोंडात गाणं. तिनं मांडा हातावर फिरवायला घेतला की पोरं झोके सोडून बघायला येत. आजूबाजूच्या चार गावांतून लग्नकार्याला तिला बोलावणं येई, आणि तिच्यासोबत मलाही. लोक तिला म्हणत, “कुसाबाई, तुमच्या हाताला काय गुण हे.” ती म्हणे, “हाताला नाय, खापराला.” ते ऐकून मी आतून फुलून जाई.

आमच्याकडे एक रीत होती. आधी पितरांच्या नावानं चुलीत घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. मग पुरुष, मग पाहुणे, मग पोरं, मग माहेरवाशिणी. करणारीनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. तिच्या वाट्याला फाटलेले मांडे, पातेल्याच्या कडेचं पुरण आणि पोरांच्या ताटात उरलेलं. कुसाबाईला त्याचं दुःख नव्हतं, उलट तोरा होता. “माझ्या घरात दाणा वाया जात नाय,” ती सांगायची. सणालाच नव्हे, रोज तेच. दुपारी उरलेला भात तिचा, रात्रीची अर्धी भाकरी तिची. पोरं टाकतील ते तिचं. मलाही वाटायचं, बाई असावी तर अशी.

ती मोहिनीला बोलली, तेव्हाही मला तिचंच खरं वाटलं होतं. मोहिनी म्हणजे तिची सून. सातवा महिना होता तिला. आखाजीला सकाळपासून उभी होती. पुरुषांची पंगत बसायच्या आधीच तिनं कोपऱ्यात तोंड करून मांड्याचा एक तुकडा मोडला. कुसाबाईनं माझ्यावरची नजर न काढता म्हटलं, “आमच्याकडं सुना मागून जेवत्या, बाई. तुमच्या माहेरी पहिली पंगत बायकांची असंल.” मोहिनीनं तुकडा तसाच खाली ठेवला. तोही शेवटी कुसाबाईनंच खाल्ला, वाया नको म्हणून.

पुढं ललितला, म्हणजे तिच्या मुलाला, नाशकात कंपनीत नोकरी लागली आणि तिथंच म्हसरूळला घर झालं. कुसाबाई मला एस.टी.त मांडीवर घेऊन आली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, ते खाली ठेवा.” ती म्हणाली, “तू तुझं तिकिटाचं मशीन ठेव खाली, मग मी ठेवते.” घराच्या मागच्या बाजूला तिनं माझ्यासाठी मातीची चूल घातली.

पण मित्रांनो, वजन काही एका दिवसात येत नाही. ते उरल्यासुरल्यानं येतं. शेतातलं चालणं सुटलं, उरलेलं खाणं सुटलं नाही. आधी कुसाबाईची पाठ रुंद झाली, मग साखर निघाली, मग गुडघे गेले. साठी ओलांडली तेव्हा काट्यावर एकशे अठरा किलो. एका आखाजीला ती चुलीपुढं बसली, एकवीस मांडे केले आणि उठायला गेली, तर उठता येईना. ललितनं हात दिला, जमलं नाही. शेवटी जावई आणि दोन पाहुणे धावले, चौघांनी मिळून तिला उचललं. कुणी हसलं नाही. हसले असते तर तिनं चार शब्द सुनावले असते, तेवढंच बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी मांडे विकत आणले. घडी घालून कागदात गुंडाळलेले. कुसाबाईनं एक उलगडून बघितला. “मांडा हे का गोधडी?” एवढंच म्हणाली. मला जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकलं. दोन वर्षं मी तिथं होते. माझ्या शेजारी तुटका पंखा होता. त्याच्याशी काय बोलणार.

माळ्यावरून स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं. एके दिवशी नात सृष्टी कॉलेजातून आली आणि म्हणाली, “आजी, वजन कमी करायचं ऑपरेशन असतं. पोटाची पिशवी लहान करतात. दुर्बिणीतून.” घरात आठवडाभर तीच चर्चा. खंडेराव, म्हणजे कुसाबाईचे मालक, भेदरले होते.

“त्रेसष्ट वर्षाच्या बाईनं पोट कापून घ्यायचं? कुसा, तू हेस तशी बरी हेस.”

“तुम्हाला बरी. गुडघे माझे हेत.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, खाणं आवरत नव्हतं म्हून कापून घेतलं. म्हणू द्या. मला पुन्हा खापरापुढं बसायचंय, आणि माझी मी उठायचंय. बाकी काय नाय.”

मी माळ्यावर ते ऐकलं. अंगावरची धूळ पहिल्यांदा जड वाटली.

सगळे नाशकातल्या एका दवाखान्यात जाऊन आले. आहार सांगणाऱ्या बाईंनी तिथं विचारलेलं सृष्टी हसत हसत मोहिनीला सांगत होती. “त्यांनी विचारलं, आजी, दिवसभरात काय खाता? आजी म्हणे, मी काहीच खात नाय. सगळे जेवले की उरलेलं तेवढं. मग त्या बाई उरलेलं मोजायला लागल्या. चार जणांचं उरलेलं म्हणजे आई, दोन माणसांचं जेवण निघालं.”

मोहिनी हसली नाही. भांडी घासत राहिली.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. कुसाबाई घरी आली तेव्हा तिच्या हातात औषधाच्या झाकणासारखी एक छोटी वाटी होती म्हणे. दोन आठवडे नुसतं पाणी, डाळीचं पाणी, ताक. घोट घोट, तेही मोजून. मोजायला मोहिनी. जिनं या घरात चाळीस वर्षं सगळ्यांना वाढलं, तिला आता सून वाटीनं मोजून देत होती. “एवढ्यात चिमणी तरी जगंल का?” ती विचारायची. “चिमणीला साखर नाही ना, आई,” मोहिनी म्हणायची. मग पातळ, मग मऊ शिजवलेलं. केस गळले, गोळ्या कायमच्या लागल्या, आणि काटा खाली येऊ लागला.

दीड महिन्यानं घोटाळा झाला, तो मला नंतरच्या बोलण्यातून कळला. दुपारी सगळे जेवून गेले होते. पातेल्याच्या तळाशी खिचडी उरली होती, असेल दोन पळ्या. कुसाबाईनं कुणाला न सांगता ती बोटांनी निपटून खाल्ली. भूक नव्हती तिला. भूक तर त्या ऑपरेशननं अशी गेली होती की शोधून सापडू नये. पातेलं रिकामं व्हायला हवं, एवढंच. घटकाभरात तिच्या छातीखाली अशी कळ उठली, की तिनं ओटा धरला. उलट्या थांबेनात. पुन्हा दवाखाना, दोन दिवस सलाईन.

मग ती घरी परत आली. खंडेरावांनी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाला?”

“म्हणाला, वेळ झाली की जेवायचं. सगळ्यांच्या आधी झाली तर सगळ्यांच्या आधी. आणि उरलेलं तुमचं नाय.” मग म्हणाली, “आधी जेवणारी बाई मी माझ्या घरात टिकू दिली नसती.”

स्वयंपाकघरातला नळ तेवढा बंद झाला. मोहिनी तिथंच उभी असावी.

आखाजी आली. ललित शिडी लावून माळ्यावर चढला आणि मला खाली घेतलं. कुसाबाईनं लुगडं सोडलं, मला पुसलं, टिचकी मारली, कान लावला. तिचे हात बारीक झाले होते. बांगड्या कोपराकडं घसरत होत्या. काटा अठ्ठ्याऐंशीवर आला होता.

ती माझ्यापुढं मांडी घालून बसली. सिन्नरहून लेक तृप्ती आली होती, जावई होते, पाहुणे होते. आगारी झाली. पहिला मांडा तिनं हातावर घेतला तेव्हा खंडेराव दारातच उभे राहिले. तो फाटला. दुसरा जरा जाड झाला. तिसरा असा उतरला, की मला गावच्या अंगणातला निंब आठवला. आठ मांडे झाले. बाहेर पंगतीची पानं मांडली जात होती.

तेव्हा मोहिनी मागं येऊन म्हणाली, “आई, एक वाजला. तुमची वेळ झाली.”

“पंगत बसायचीय अजून.”

“बसेल.”

“पाहुणे काय म्हणतील? करणारीच आधी जेवली?”

“तुम्ही सकाळपासून ताकावर आहात. घेरी आली तर चुलीत पडाल.” मग मोहिनी हळू म्हणाली, “मला तेव्हा, सातव्या महिन्यात, घेरी आली होती, आई.”

कुसाबाईच्या हातावर नववा मांडा होता. तिनं तो फिरवायचा थांबवला. न फिरवलेला मांडा हातावर लोंबतो आणि फाटतो. तो फाटला. मी वाट बघत होते, की आता ती काहीतरी बोलेल. त्या जिभेनं देवळ्याच्या कुंभाराला गप्प केलं होतं. ती मोहिनीकडं बघत राहिली, सुनेचं तोंड पहिल्यांदाच बघत असल्यासारखी.

मग म्हणाली, “खापर उतरव.”

“अहो, पंगत—” दारातून खंडेराव म्हणाले.

“पंगत कुठं पळून जाती का? बसा म्हणावं, गप्पा मारा. मोहिनी, जाळ ओढ आधी. मग उतरव. आणि दोन ताटं घे.”

“दोन?”

“मी एकटी पहिली जेवले तर लोक मला नावं ठेवतील. दोघी जेवलो तर कुणाकुणाला ठेवतील.”

तिनं एक हात जमिनीला टेकला आणि उठली. एकटी. ललित धावत आला होता, त्याला तिनं डोळ्यांनीच थांबवलं.

दोघी तिथंच, चुलीच्या कडेला बसल्या. कुसाबाईनं आधी वाटीभर डाळ खाल्ली, हळूहळू, एकेक घास चावून. मग ताज्या मांड्याचा चार बोटांएवढा तुकडा. पहिल्यांदाच तिनं माझ्यावरचा मांडा गरम खाल्ला, मित्रांनो. इतकी वर्षं मी भाजत होते, आणि तिला तो कसा लागतो हे तिला ठाऊकच नव्हतं. मोहिनीच्या ताटात तिनं अख्खा वाढला. मोहिनी पदरानं डोळे पुसत होती. कुसाबाई म्हणाली, “धूर लागला का? जाळ तर ओढला.”

मी बाजूला दगडावर हळूहळू गार होत होते. अर्ध्या कामातून आजवर मला कुणी उतरवलं नव्हतं. आधी मला राग आला, खोटं का सांगू. मग दोघींच्या ताटांकडं पाहिलं आणि राग कुठं गेला कळलं नाही. अर्ध्या तासानं मला पुन्हा चढवलं. मंद जाळ, मग जरा मोठा. पाहुणे जेवले, आणि कुणी काही म्हणालं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी खापर नसेल. पण शेवटी जेवणारं कुणीतरी असेलच. आज ताटावर बसण्याआधी आत जाऊन विचारा, “तू जेवलीस का?” ती म्हणेल, मी मागून बसते, उरेल ते घेते. तिचं ऐकू नका. तुम्हीही बसू नका. गॅस बंद करा आणि तिचं ताट आधी वाढा. पोळ्या थांबतील. मी तर मातीची आहे, भर जाळावरून उतरले, आणि माझं काही बिघडलं नाही.