खाचेतली पाचर

न्यायालयाच्या इमारतीतल्या एकूण एक दाराची नाडी चावीमावशीला ठाऊक होती. सासऱ्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली. आता केस पांढरे झाले होते, तरी कुठे कुलूप अडलं की लोक आधी तिलाच हाक मारत.

एका दुपारी पहारेकरी तिला शोधत आला. "मावशी, मुद्देमालाच्या खोलीचं दार लागतच नाही. नुसतं ढकललं की उघडतंय!"

खटल्यांत जप्त केलेल्या वस्तू त्या तळघरातल्या खोलीत ठेवत. चिठ्ठ्या बांधलेले सुरे, शिवणयंत्रं, एक लाल सायकल, कुणाचा तरी पितळी कंदील. तिथलं दार असं सताड उघडं राहून कसं चालेल? मावशी गुडघ्यांवर बसली. चौकटीत कुलपाची जीभ जिथे जाऊन बसते, त्या खाचेत कागदाची घडी कोंबलेली होती. तिने ती काढून टाकली.

आठवड्याने तिथेच पुठ्ठा निघाला, थरावर थर चिकटवून खाचेइतका जाड केलेला. आणि त्यानंतर निघाली लाकडाची पाचर. कडा गोल केलेल्या, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेली, खाचेत अशी चपखल की बोटाने चाचपल्याशिवाय कळू नये. मागे बारीक भोक पाडून त्यात दोरा ओवलेला.

"वा!" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

पहारेकऱ्याने डोळे वटारले. "वा काय वा? साहेबांना सांगायला हवं."

"सांगू की, उद्याच सांगू. पण आधी हे कोण करतंय ते कळू दे. नाहीतर माझ्या डोक्यातला भुंगा काही जायचा नाही."

घरी तिने ती पाचर नणंदेपुढे ठेवली. नणंद शिवणकाम करायची, हातात सदैव सुईदोरा. तिने पाचर उलटसुलट केली आणि दोऱ्याला हलकासा झटका दिला.

"वहिनी, हा ओढून काढायचा दोरा आहे. संध्याकाळी कुणीतरी हे काढून घेत असणार."

"चोर कशाला काढेल?"

"तेच म्हणते मी. चोराला दार रात्री उघडं हवं. याला दिवसा हवंय."

मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवसभर त्या खोलीत एकच माणूस बसायचं, मुद्देमालाच्या बाई. त्यांचा दरारा असा की भलेभले वकील त्यांच्या टेबलापुढे शाळकरी पोरांसारखे उभे राहत.

दुसऱ्या दिवशी मावशीने पाचर त्याच टेबलावर ठेवली. "बाई, ही तुमचीच ना?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी केलीय. सुतार आहेत ते. मी नुसतं माप नेऊन दिलं."

"माप? एवढं बरोबर? कशाने घेतलंत?"

"साबणाची वडी दाबली खाचेत."

मावशीला हसू आवरेना. बाईही हसल्या, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. "उन्हाळ्यात एकदा आतून मूठ फिरवली तर दार उघडेना. नुसती गरगर फिरायची. इथे फोनला रेंज नाही. दार बडवलं, ओरडले, शेवटी त्या सायकलची घंटा वाजवत बसले. लोकांना वाटलं असेल, रस्त्यावरून कुणी चाललंय. खूप वेळाने मूठ आपोआप लागली. कुणाला सांगायचं? सगळ्यांना दटावणारी मी, आणि सायकलची घंटा वाजवतेय!"

"मूठ मी दर महिन्याला बघते हो. कधी अडली नाही."

"मग मी काय खोटं बोलते?"

मावशी दाराशी गेली. खाच मोकळी होती. तिने दार आतून लोटलं, खट्कन जीभ बसली. मूठ फिरवली, उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. असं कितीतरी वेळा झालं, आणि बाई "बघा, आता तर…" म्हणेपर्यंत मूठ हातात रिकामी फिरली.

दार बंद. दोघी आत.

बाईंनी मावशीचं मनगट घट्ट धरलं.

"अहो, घाबरू नका," मावशी म्हणाली. तिची पेटी बाहेर बाकावर होती, पण खिशात पेचकस आणि पक्कड होती. "मला एक सांगा, हा कंदील कुणाचा?"

"दोन भावांचा. दोघंही म्हणतात माझाच," बाई कशाबशा बोलल्या.

"आणि पेटवतो कोण?"

"कुणीच नाही! दोघांकडे वीज आहे."

बोलता बोलता मावशीने स्क्रू सोडवून मूठ उतरवली. आतली चौकोनी सळई मुठीच्या बाजूने झिजून पार गोल झाली होती. कधी धरायची, कधी निसटायची. पकडीने सळई पिळताच दार उघडलं आणि बाई एका ढांगेत बाहेर पडल्या.

साहेबांना मावशीने सळई दाखवली. त्यांनी विचारलं, "आणि ती पाचर कोण ठेवत होतं?" मावशी शब्द जुळवत होती, तोवर मागून बाईच म्हणाल्या, "मी, साहेब." साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "असं पुन्हा करू नका. काही बिघडलं तर आधी मला सांगायचं," एवढंच म्हणाले. नवं कुलूप आणि आतून दाबायची घंटा त्याच दिवशी बसली.

संध्याकाळी फाटकाशी एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. बोटांना सरसाचे डाग.

"कुलूपवाल्या तुम्हीच ना? ते जुनं कुलूप टाकलंत का हो?"

"छे! पेटीत आहे."

"मग उघडून दाखवता? खाचेचं माप मिळालं, पण पलीकडे जीभ मागे कशी सरकते, हे काही मला उमगलं नाही."

मावशी तिथेच पायरीवर बसली. तिने झाकण काढलं, स्प्रिंग बोटाने दाबून दाखवली. सुतारबुवा श्वास रोखून वाकले. "अस्सं! म्हणजे ही आडवी पट्टी हिला ढकलते होय? आणि ही उलटी लावली तर?"

"लावून बघू या," मावशी म्हणाली.

बाई पिशवी खांद्याला लावून उभ्याच होत्या. "अहो, घरी यायचंय की नाही?"

दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही.