चंदरचा पाट

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात देव आधी घरच्या पाटावर घडतो, मग घरी जातो. उन्हाळ्यातच घराघरातून पाट येतात आणि पाठीवर खडूने नाव लिहून घेऊन भिंतीशी रांगेने उभे राहतात, लग्नघरातल्या पोरींसारखे.

यंदा आपल्या कारखान्यात नंदाने ती रांग मोडली होती. पाट माळ्यावर गेले होते. लॅपटॉपवर नाव आलं की कारागिराने तेवढा पाट उतरवायचा. हे सगळं चालत होतं सुश्रुत सरांच्या ‘सांधा’वर.

सर रोह्याचे, पेणच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे. लोक आधी चौकोन आणि रेघा काढून सॉफ्टवेअरचं चित्र आखतात, मग वेगळ्याच भाषेत प्रोग्राम लिहितात; पुढं चित्र एकीकडं जातं नि प्रोग्राम भलतीकडं, याचं त्यांना आयुष्यभर दुःख. सांधा ही त्यांनी रचलेली भाषा, आणि तिच्यात चित्र हाच प्रोग्राम. चौकोन काढला की वस्तू जन्मली, रेघ ओढली की नातं लागलं. मदतीला ऋत्विक नावाचा विद्यार्थी होता. पुण्याच्या कंपनीत जाताना म्हणाला, “सर, चांगलंय हो. पण वापरणार कोण?”

वापरणारी एकटी नंदा. तिचा हंगाम नीट गेला तर हमरापूरचे कारखानदार बघू म्हणाले होते. नाही गेला, तर सांधाला दुसरं दार नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी जानी आली. गागोद्याकडच्या वाडीवरची, चंदरची बायको, मजुरी करणारी. हातात देवाचं तोंड झाकायला धुतलेलं फडकं. सर तिथेच बसले होते, मूर्ती निघाली की पडद्यावरचा तिचा चौकोन हिरवा होताना बघत.

“नंदाबाय, आमचा देव दे गो.”

नंदा गोंधळली. “यंदा तुमच्याकडं बसवत नाय ना?”

“कोन बोललं?”

“चंदर गेला म्हनून...”

“आषाढात गेला. सुतक फिटलं कदीच. मीच आल्ते नाय सांगायला? त्याचं नाव काढ, दिनेशचं घाल. पोरगा हाय घरात.”

“तुझ्यासमोरच काढलं गो. दिनेशचं घातलं पन.” नंदाचा आवाज खाली गेला. “मंग तुमचा पाट कामाच्या यादीतच आला नाय. मला वाटलं, दुःख हाय, मन फिरलं असंल. असं कुनाला विचारायचं कसं?”

सरांनी चित्र उघडलं. ‘माणूस’ नावाच्या चौकोनातून ‘पाट’ नावाच्या चौकोनाकडं रेघ जात होती आणि तिच्या टोकाशी शंकरपाळ्यासारखी काळी खूण. झाड तोडलं की फांदी गेली, असा त्या खुणेचा अर्थ. त्यांनीच काढलेली, एका दुपारी, सहज. नंदाने चंदर पुसला. त्याच्यामागे पाट पुसला गेला, पाटामागे देव. दिनेश आला तो रिकाम्या हातांचा.

त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. रोह्याच्या घरात आजोबांचा पाट होता. वडील गेले त्या वर्षीही त्यावर देव बसला. आखताना आठवलं नाही, एवढंच. चित्र वेगळं नि प्रोग्राम वेगळा असता, तर लिहिणारा मधे कुठंतरी थबकला असता. सांधात थबकायला जागाच ठेवली नव्हती, आणि सरांना अभिमान होता तो त्याचाच.

नंदाने पाट उतरवला. “शेजारी तयार मूर्ती हाय. आनते, ह्याच्यावरच ठेवते.”

जानीने पदराने धूळ पुसली. “चंदरनं मांडीवर घेऊन आनलेला ह्यो, एस्टीतून. ह्याच्यावर घडला असता तर त्यानंच आनला असता देव. दुसऱ्याचा आनून काय करू?”

“पोराला काय सांगशील गो?”

“बघन काय ते.”

तिने फडकं पाटावरच पसरलं, पाट डोक्यावर घेतला आणि निघाली. बाहेर लोक तोंडं झाकलेले देव नेत होते. त्यांनी तिलाही वाट दिली, देव चाललाय असं समजून.

नंदा दारातून मागे फिरली. मग म्हणाली, “सर, पुढल्या वर्षी मी पाट भिंतीलाच लावीन. हमरापूरवाले विचारतील, त्यांना काय सांगू?”

“झालं ते सांग.”

ती गिऱ्हाइकांकडं वळली. सरांनी काळी खूण पुसली आणि पाटाची रेघ ‘घर’ या चौकोनाला नेऊन जोडली. त्याच क्षणी प्रोग्रामही बदलला. मधे फट म्हणून राहिली नाही, जसं त्यांना कायम हवं होतं तसं. पडद्यावर घर होतं, घरात दिनेश होता, पाट होता. त्याखालचा ‘देव’ हा चौकोन रिकामा होता, आणि तो भरायला या भाषेत काही लिहिता येत नव्हतं.